उत्कट, उत्कंठा आणि हत्तीचं गंडस्थळ

चोपड्याच्या एका शिक्षिकेने विचारलंय: ‘सामन्याची उत्कटता शिगेला पोचली’ हे चालेल का? उत्कट आणि उत्कंठा एकाच मुळाचे का?

नाही, आणि नाही. हल्ली जळगावात कुठल्याही लग्नात माईक हाती आलेला माणूस ‘ज्या क्षणाची आपण उत्कटतेने वाट पाहत होतो’ म्हणतो आणि माझा घास घशातच अडकतो. शिगेला पोचते ती उत्कंठा. उद् + कंठ, मान वर. अमळनेर स्टँडवर एखादी आजी पिशवी पायांत दाबून, टाचा उचलून ‘गाडी उनी का?’ विचारते तेव्हा तिच्या गळ्याच्या शिरा ताणलेल्या दिसतात ना, ती उत्कंठा.

उत्कट म्हणजे तीव्र, हे कुठलाही कोश सांगेल. समर्थांचं ‘उत्कट भव्य’ही सगळ्यांना पाठ. ते सोडा, खरी गंमत हत्तीत आहे. अमरकोशात, म्हणजे अमरसिंहाच्या जुन्या संस्कृत शब्दकोशात, हत्तीच्या प्रकरणात ‘गण्डः कटो मदो दानम्’ असं येतं. कट म्हणजे गंडस्थळ! डोळा आणि कान यांच्या मधोमध तिथे ग्रंथी असते. हत्ती माजावर आला की तिच्यातून उग्र वासाचा द्रव गालावर ओघळतो. तोच मद. आणि अशा हत्तीला अमरसिंह म्हणतो मदोत्कट. कटातून उसळून आलेलं ते उत्कट, माझ्यापुरता निकाल लागला.

पाणिनीला हे मंजूर नाही. ‘संप्रोदश्च कटच्’ म्हणत त्याने संकट, प्रकट, विकट, उत्कट एका दावणीला बांधले आणि कट नुसता प्रत्यय ठरवला. प्रत्यय म्हटलं की अर्थ सांगायची कटकटच मिटली! आधुनिक पंडित ‘कट’ हे ‘कृत’चं प्राकृत रूप मानतात. विकृतचं विकट झालं, मान्य. पण म्हणून उत्कटही त्याच वाटेने आलं?

अमळनेरचे आमचे एक संस्कृतवाले स्नेही पाणिनीच्या बाजूचे. ‘मग संकटात कुठला हत्ती?’ म्हणतात. त्यांना मुद्दाम अजिंठ्याला नेलं, सतराव्या लेण्यातला, बुद्धाच्या अंगावर सोडलेला चवताळलेला हत्ती नलगिरी दाखवला. ते शांतपणे म्हणाले, ‘याला दारू पाजली होती. हा मद नव्हे, मद्य.’

दोन्ही एकाच मद् धातूचे, मी म्हणालो. ते बाहेर जाऊन पायरीवर बसले.