१५ वर्षं बंद असलेला पियानो घरी दुरुस्त करता येईल का?

तुमच्याकडे आलेला जुना उभा पियानो १५ वर्षं कुणी वाजवलेला नाही, चार-पाच पट्ट्या दाबल्या की खालीच राहतात, सूरही उतरलेत. यातलं घरी काय करता येईल, असं तुम्ही विचारलंय. पट्ट्यांचं बरंचसं काम तुम्हाला जमेल. तारा ज्यांना गुंडाळून ताणलेल्या असतात, त्या खुंट्यांना मात्र हात लावू नका.

आणि तेल अजिबात नको. माझ्या पियानोची एक पट्टी जड झाली तेव्हा मी फटीतून गंज सोडवायचं तेल फवारलं होतं. दोन दिवस ती मोकळी चालली, मग आधीपेक्षा घट्ट बसली. पट्टी ज्या पिनांवर हलते, तिथे लाकडात फेल्टचं, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या कापडाचं, अस्तर असतं. ते तेल पिऊन बसलं आणि शेवटी बदलावंच लागलं. अजून वाईट वाटतं त्याचं.

पट्ट्या अडकतात त्या बहुतेक वेळा दमटपणामुळे. लाकूड आणि फेल्ट ओलावा धरून फुगतात. खोलीत आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र ठेवा, दोन-तीन आठवडे हवा ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास राहील असं बघा. काही पट्ट्या एवढ्यानेच सुटतील. पियानो ओल येणाऱ्या भिंतीला किंवा उन्हाच्या खिडकीला लावलेला असेल तर आधी हलवा.

उरलेल्या पट्ट्यांचं पुढचं टोक बोटाने अलगद वर उचला. उचलताना अडली तर दोष पट्टीत: शेजारणीला घासत असेल, समोरच्या आडव्या फळीला टेकत असेल, नाहीतर फटीत नाणं किंवा पेन्सिल पडलेली असेल. (हे फार वेळा निघतं!) पट्टी सहज वर आली, पण पुढचं पॅनेल काढल्यावर तारेवर आपटणारी हातोडी तारेजवळच रेंगाळताना दिसली, तर तिच्या सांध्यातली पिन आवळली आहे. ते काम जाणकाराचं. पॅनेल काढलंच आहे तर फेल्टला कसर लागली नाही ना, तेही पाहून घ्या.

आता सूर. ८८ पट्ट्यांना साधारण २३० तारा असतात आणि त्यांचा एकूण ताण १८-२० टनांच्या घरात जातो. तो मुख्यतः बिडाच्या चौकटीने पेललेला असतो. इतक्या वर्षांनी तारा चढवू लागलं की साउंडबोर्डवरचा (तारांमागच्या, आवाज मोठा करणाऱ्या लाकडी फळीवरचा) दाब वाढतो आणि आधी लावलेल्या तारा पुन्हा उतरतात. म्हणून ट्यूनर, म्हणजे सूर लावणारा कारागीर, आधी सगळा पियानो ढोबळपणे वर आणतो, मग बारीक सूर लावतो. जुनी तार यात तुटूही शकते.

ट्यूनरला बोलावलंत की पहिल्यांदा खुंट्या तपासायला सांगा. ज्या लाकडी ठोकळ्यात त्या ठोकलेल्या असतात तो सुकून भेगाळला असेल, तर लावलेला सूर टिकणार नाही आणि ट्यूनिंगचे पैसे वाया जातील. अशा वेळी जाड खुंट्या घालाव्या लागतात, कधी ठोकळाच बदलावा लागतो. तो खर्च विचारूनच पुढे जा. खुंट्या घट्ट निघाल्या तर काही महिन्यांनी आणखी एकदा सूर लावून घ्यावा लागेल, ते पैसे आत्ताच धरून ठेवा.