थिनरची वाफ जाळून तिची उष्णता ओव्हनला परत देता येते का?

तळोज्यातल्या पत्रा-कोटिंग लाइनच्या ओव्हनमधून थिनरचा वास बाहेर जातोय, कार्बन फिल्टर लावावा की वाफ जाळावी, असा तुमचा प्रश्न आहे. माझं स्पष्ट मत: जाळा. ओव्हनची हवा कार्बनवर सोडण्याआधी थंड करावी लागते, म्हणजे हाताशी असलेली उष्णता वाया. शिवाय थिनरमध्ये एमईकेसारखे कीटोन (एका प्रकारची द्रावकं) असतील तर कार्बनचा थर आतून तापून पेटू शकतो. हा धोका खरंच हलक्यात घेऊ नका.

थर्मल ऑक्सिडायझरमध्ये, म्हणजे वाफ जाळणाऱ्या भट्टीत, ती साधारण ८०० अंश सेल्सिअसला जळते. सिरॅमिकचे थर असलेल्या प्रकारात ९५ टक्क्यांपर्यंत उष्णता परत मिळते. जाणारी हवा थर तापवते, येणारी हवा त्याच थरातून गरम होऊन जाते. वाफ पुरेशी असेल तर बर्नर जेमतेम चालतो, कारण थिनर हेच इंधन. उरलेल्या उष्णतेवर ओव्हनची ताजी हवा तापवा.

पण ओव्हनमधलं वाफेचं प्रमाण स्फोटाच्या किमान मर्यादेच्या (हवेत ज्या किमान प्रमाणात वाफ पेटू शकते त्याच्या) २५ टक्क्यांच्या आत ठेवा. गॅस वाचवायला एक्झॉस्ट कमी करायचा मोह होतो. वाफेचं प्रमाण सतत मोजणारा मीटर नसेल तर हा मोह टाळाच.

आणि सगळा वास ओव्हनचाच असेल असं नाही. कोटर रूममध्ये, म्हणजे पत्र्याला रंग लागतो त्या खोलीत, रोलरखालचा रंगाचा ट्रे उघडाच असतो. दाराच्या फटीशी टिश्यूची पट्टी धरून बघा, ती आत ओढली गेली पाहिजे. बाहेर फडफडली तर आधी तिथली हवा ऑक्सिडायझरकडे वळवा.