लांबच्या बॅकपॅकिंग ट्रिपचे शेवटचे आठवडे कसे घालवावेत? घरी परतल्यावरचं रिकामपण कसं टाळावं?

तुम्ही लिहिलंय की पाच महिने झाले, तीन आठवडे उरलेत आणि यादीतली अकरा ठिकाणं अजून बाकी आहेत. ती उरकावीत की एका जागी बसावं? बसा. पंगत उठायच्या वेळी ताट भरून घेणाऱ्याला आमच्याकडे कोणी शहाणं म्हणत नाही. माझ्या सोबत्याने शेवटच्या तीन आठवड्यांत दक्षिण लाओसची सगळी बेटं, कॉफीची पठारं आणि परत एकदा कंबोडिया एवढं उरकलं. आज त्याला विचारलं तर कुठला धबधबा कुठे होता हे तो फोन काढून सांगतो.

प्रश्नाचा हा भाग इथेच संपला. दुसरा भाग, म्हणजे घरी परतणं, त्यावर मात्र मला बोलायचंय, कारण त्यावरून माझं आणि माझ्या थोरल्या भावाचं भांडण अजून मिटलेलं नाही.

मी जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यातला. घरी केळी. दादा शेती बघतो. मी 2019 साली पुण्यातली नोकरी सोडून साडेपाच महिने थायलंड, कंबोडिया, व्हिएतनाम आणि शेवटी लाओस असा फिरलो. परत थायलंडला येऊन च्यांग खोंगहून मेकाँग नदी ओलांडून लाओसचं हुआय साई, तिथून संथ बोटीने दोन दिवस लुआंग प्राबांग, मधली रात्र पाकबेंगला. मग तिथून तीन-चार तासांवर नोंग खियाव. नाम ओऊ नदी, दोन्ही बाजूंना चुनखडीचे उभे कडे, मध्ये एक पूल. तिथे मी एका बांबूच्या खोलीत तीन आठवडे राहिलो. काही केलं नाही. पावसाळा लागत होता, नदीचं हिरवं पाणी हळूहळू मातकट होत गेलं, ते बघितलं. एवढंच.

खोलीची मालकीण आजीबाई होती. ती रोज संध्याकाळी निखाऱ्यावर वांगी भाजायची, पार काळी होईपर्यंत. लसूण आणि मिरच्याही त्याच निखाऱ्यात. मग सालं काढून सगळं मातीच्या खलात लाकडी मुसळीने ठेचायचं, वर कोथिंबीर. त्याला ते 'जेओ माक खुआ' म्हणतात. मी पहिल्या दिवशी नुसता बघतच राहिलो. आमच्या बामणोदच्या वांग्यांचं भरीत याहून वेगळं काय असतं? कपाशीच्या काड्यांचा जाळ आणि लाकडी बडगी, एवढाच फरक. तिने वरून माशाचं खारं पाणी ओतलं तेव्हा मात्र स्वप्न मोडलं. कळण्याच्या भाकरीऐवजी बांबूच्या टोपलीतला चिकट भात. तो बोटांनी गोळा करून भरतात बुडवायचा. घराची आठवण येत नाही असं म्हणणाऱ्या भटक्यांवर माझा विश्वास नाही. मला तर रोज संध्याकाळी सहाला यायची.

खोलीच्या मागे केळीची बेटं होती. आपल्यासारखी ओळीत, ठिबकवर लावलेली नव्हेत, कशीही उगवलेली. एका खोडाला चांगला भरलेला घड लटकला होता. फण्या आखूड, केळी बुटकी आणि जाड. मी फोटो काढून दादाला पाठवला आणि खाली लिहिलं, "बघ, टेकूबिकू काही नाही, तरी उभं आहे." दोन निळ्या खुणा आल्या. मग नुसता अंगठा.

ती तारीख 4 जून. आमच्या शिवारात 2 जूनला संध्याकाळी वादळ होऊन गेलं होतं. चार हजार खोडांपैकी बावीसशे आडवी. पंधरा दिवसांत कटाई लागणार होती.

मला कोणी सांगितलं नाही. म्हणजे, माझं म्हणणं असं की सांगितलं नाही. मी दर रविवारी घरी फोन करायचो. त्या रविवारी माय म्हणाली, "वारं आलं व्हतं जरासं. तू जेवला का?" मी म्हटलं जेवलो, आणि भरताची गोष्ट सांगत बसलो.

दादाचं म्हणणं असं की केळीवाल्याच्या पोराला जून महिन्यात 'वारं आलं होतं' एवढे तीन शब्द पुरे झाले पाहिजेत. पुढे विचारायचं काम तुझं होतं.

असो. बारा तारखेला निघालो. लुआंग प्राबांगहून रात्रभर बस करून राजधानी व्हियेन्टिआन, मेकाँगवरच्या मैत्री पुलावरून थायलंडचं नोंग खाई, तिथून रात्रीची गाडी बँकॉकला. (आता लाओसमध्ये रेल्वे झालीय, 2021 च्या डिसेंबरपासून, लुआंग प्राबांग ते व्हियेन्टिआन दोनेक तासांत. तेव्हा तो घाट बसने उतरताना आतडी जागेवर राहत नसत.) विमानाने मुंबई, रात्रीच्या गाडीने भुसावळ, मग सावदा स्टेशन. दादा मोटरसायकल घेऊन आला होता. माझी चौदा किलोची बॅग बघून म्हणाला, "एवढंच?" आणि गावाच्या रस्त्याने न जाता शेताकडे वळला.

आडवा झालेला केळीचा बाग तुम्ही बघितलाय का? ऊस लोळला तर उभा राहतो, ज्वारीसुद्धा थोडी सावरते. केळीचं खोड म्हणजे लाकूड नव्हे, पानांच्या देठांची एकावर एक गुंडाळी, आत सगळं पाणी. ते मधून मोडतं, आणि मोडलं की संपलं. घड हिरवा, पुरता न भरलेला, मातीत तोंड खुपसून पडलेला असतो, आणि असला माल व्यापारी उचलत नाही. मी पोहोचलो तोवर पंधरा दिवस होऊन गेले होते, खोडं सडायला लागली होती. तो वास आंबूस, गोडसर, आणि नाकातून जात नाही. पंचनामा होऊन गेला होता. पुढे किती मिळाले ते विचारू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी विळा घेऊन उतरलो. पडलेली खोडं तोडायची, बांधावर ओढायची, प्रत्येक बुंध्याशी एक जोमदार पील, म्हणजे फुटलेला कोंब, राखायचं आणि बाकीची काढायची, म्हणजे पिलबाग, त्या पिलांवरचं पुढचं पीक, तरी हाती लागेल. बारा दिवस हेच. व्हिएतनाममध्ये घेतलेली ती महागडी, झटकन वाळणारी पँट केळीच्या चिकाने कायमची काळी झाली. तेव्हा परतल्यावरच्या रिकामपणाबद्दल मी तुम्हाला काय सांगू? मला ते आलंच नाही. यायला जागा नव्हती. तुमच्या घरी शेती नसेल तर हा उपाय तुमच्या कामाचा नाही, मला कळतं. पण परतल्या परतल्या फोटोंचे अल्बम लावत बसू नका. दमवणारं, दुसऱ्या कोणाच्या तरी उपयोगाचं काम बघा.

तेराव्या दिवशी जेवताना भांडण झालंच. मी म्हटलं, एक फोन केला असता तर दुसऱ्या दिवशी निघालो असतो. दादा म्हणाला, "तुले सांगून काय झालं असतं? तू काय तिथून येऊन खोडं उभी करता?" मग म्हणाला की तू म्हणजे वापसीचा माल. आमच्याकडे चांगले घड कापून नेल्यावर बागेत जो हलका माल मागे राहतो त्याला वापसी म्हणतात, त्याचा भाव वेगळा आणि कमी लागतो. अण्णा हसले. मला अजून हसू येत नाही.

म्हणून शेवटच्या आठवड्यांसाठी माझा खरा सल्ला हा: घरी फोन केल्यावर "सगळं ठीक ना?" असं विचारू नका, त्याचं उत्तर जगात सगळीकडे "हो" असतं. आकडे विचारा. पाऊस किती झाला, कापणी कधी, कोण दवाखान्यात जाऊन आलं, कोणाचा हप्ता थकलाय. आणि घरच्यांनाही बजावून ठेवा की मी लांब आहे म्हणून गोष्टी लपवायच्या नाहीत. फिरणाऱ्याला सुखात ठेवायचं म्हणून त्याला घरातून वजा करायचं, हा कुठला न्याय? दादा, तू हे वाचत असशील तर हे तुझ्यासाठी आहे.

काही गोष्टी राहिल्याच. व्हिसाचा शेवटचा दिवस आणि विमानाचा दिवस यांत दोन-तीन दिवस मोकळे ठेवा. लाओसमध्ये मुदतीपेक्षा जास्त राहिलात तर दिवसाला 10 डॉलर दंड होता. किप, म्हणजे लाओसचं चलन, तिथेच संपवा, बाहेर ते सहसा कोणी बदलून देत नाही. मी सांगतोय ते 2019 चं आहे, नियम बदलतात, स्वतः बघून घ्या. आणि एका जागी बसा म्हटलं खरं, पण उत्तर व्हिएतनामचा डोंगराळ भाग 'हा जांग' राहिला असेल तर तेवढं करून या. माझा राहिला.

तो केळीचा फोटो दादाच्या फोनमध्ये अजून आहे. गेल्या पोळ्याला व्यापारी घरी आला होता तेव्हा त्याला दाखवत होता. मी म्हटलं, बघा, बिनटेकूचा घड. दादाने फोटो दोन बोटांनी मोठा केला आणि फोन माझ्यापुढे धरला. "टेकू व्हता रे त्याले. मांगं पाय, बांबू."