'हिला काही सुचतच न्हाई, मॅडम'

वहीच्या पानावर तारीख होती. त्याखाली 'माझी उन्हाळ्याची सुट्टी' हे शीर्षक आणि पट्टी धरून मारलेल्या दोन सरळ रेघा. पुढे काहीच नाही.

"बाकीची पोरं पानंच्या पानं लिहित्यात. हिला काही सुचतच न्हाई," आत्या सांगत होत्या. "बाई म्हणल्या, कल्पनाशक्ती कमी हाय. शिकवणी लावू का?"

मूल गोष्ट सांगत नाही, निबंध लिहीत नाही, म्हणजे त्याच्यात काही कमी आहे का, हा प्रश्न शाळेची समुपदेशक म्हणून मला दर दोन-तीन महिन्यांनी कुणी ना कुणी विचारतंच.

चंदा (नाव बदललंय) तिसरीत होती. मूळची बीड जिल्ह्यातली, आईबाप ऊसतोडीला. दिवाळीच्या आसपास टोळी कारखान्यावर जाते ती मार्च-एप्रिलमध्ये परतते. दोन हंगाम चंदाही गेली होती, धाकट्या भावाला सांभाळायला. शाळा बुडते म्हणून जूनमध्ये आत्यांनी तिला पुण्यात आणलं.

वर्गात गप्प, घरी मात्र "तोंड मिटत न्हाई" म्हटल्यावर निवडक मूकतेची, म्हणजे एरवी बोलणारं मूल ठरावीक ठिकाणी बोलूच शकत नाही त्या अडचणीची, शंका माझ्या मनात आलीच. पण शाळेतला पहिला महिना त्यासाठी धरायचा नसतो आणि अडचण शाळेच्या भाषेची असेल तर ते निदान बसत नाही. शिवाय मैदानावर लंगडी खेळताना तिचा आवाज माझ्या खोलीपर्यंत यायचा. वर्गात तोंड उघडलं की "व्हतं नाही, होतं म्हण" अशी दुरुस्ती व्हायची. दोन-तीनदा मुलं हसली. तिनं बोलणंच थांबवलं, इतकं साधं होतं ते.

इथं मी एक घोळ घातला. मुलांना पुस्तकात आपल्यासारखं कुणी दिसलं की ती बोलती होतात, हे मी पुष्कळ पाहिलंय. रूडीन सिम्स बिशप या अमेरिकन अभ्यासक बाईंनी 1990 मध्ये मांडलं होतं, की पुस्तकं खिडक्या असतात, सरकती काचेची दारं असतात आणि आरसेही असतात. मला त्यातला आरसा फार आवडायचा. म्हणून मोठ्या उत्साहानं ऊसतोड कुटुंबातल्या मुलीची गोष्ट असलेलं एक पातळ पुस्तक मी तिच्यासमोर ठेवलं. तिनं मुखपृष्ठ पाहिलं आणि ते बाकीच्या पुस्तकांखाली सरकवून दिलं.

"हे वर्गात नका दाखवू."

जे लपवायचं म्हणून पोर जिवाचा आटापिटा करतंय, तेच मी चित्रांसकट टेबलावर मांडलं होतं. हसणारे जवळ असतील, तर आरसा नकोसा होतो.

पुढच्या वेळी सहा-सात पुस्तकं नुसती सतरंजीवर पसरली आणि मी माझी रजिस्टरं लिहीत बसले. तिनं उचललं मंगोलियातल्या मेंढपाळांचं चित्रपुस्तक. लाकडी जाळीच्या भिंती, वर लोकरीचे नमदे असलेलं गोल घर; कुरण बदललं की ते उतरवायचं, उंटांवर लादायचं आणि पुढं जायचं. त्या पानावर ती थांबली.

"एवढं सामान? आमची कोपी बापू दुपारपोतर उभी करतो."

मी पेन खाली ठेवलं नाही. मान वर केली असती तर ती गप्प झाली असती, असं मला वाटतं. मग कोपीचे, म्हणजे ऊसतोडीच्या जागी उभारायच्या झोपडीचे, बांबू कसे वाकवतात ते आलं. पहाटे तीनला उठून भाकरी थापणारी आई आली. वाढ्याचे, उसाच्या हिरव्या शेंड्यांचे, भारे विकून आणलेला किराणा आला. आणि रात्री गाडी भरायला आईबाप फडात गेले, की अंधाराला भिऊन रडणारा धाकटा. त्याला झोपवायला ही रोज एक गोष्ट पुढं न्यायची. उसातला एक कोल्हा टोळीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतो आणि पळून जातो. मुकादम येऊन त्याच्या बिळाच्या तोंडाशी बसतो. कोल्हा आतून आवाज बदलून सांगतो, "कोल्हा गावाला गेलाय."

"मग?"

"मग धाकटा झोपायचा."

कल्पनाशक्ती कमी!

त्यानंतर चार आठवडे ती सांगायची आणि मी लिहून घ्यायची, शब्दाला शब्द. लिहिलेलं तिच्यापुढं धरलं की ती वाचायची. पाठ्यपुस्तक अडखळत वाचणारी मुलगी कोल्हा घडाघडा वाचत होती, कारण शब्द तिचेच होते. एकदा 'व्हतं'वर बोट ठेवून म्हणाली, "हे चुकीचं हाय ना?"

"कोल्हा असंच बोलतो ना?"

"हां."

"मग राहू दे."

वर्गबाईंना मी दोष देत नाही. एवढी मुलं, त्यात अभ्यासक्रम. त्यांना एवढंच सुचवलं, की शुक्रवारची शेवटची तासिका पुस्तकांच्या टोपलीला द्या आणि 'यावरून काय बोध मिळतो' हे विचारू नका. प्रथम बुक्स या प्रकाशनाच्या स्टोरीविव्हर या संकेतस्थळावर 2015 पासून मराठीसह अनेक भाषांतली पुस्तकं मोफत मिळतात आणि खुल्या परवान्यामुळं छापूनही घेता येतात. आठ पुस्तकं शाळेच्याच प्रिंटरवर निघाली. नेपाळहून आलेल्या वॉचमनच्या मुलानं डोंगरातल्या आजीची गोष्ट अर्धी मराठीत, अर्धी नेपाळीत सांगितली. कुणी हसलं नाही असं नाही, पण पुढच्या शुक्रवारी हसणाऱ्यालाच आपल्या आज्याच्या गाढवाबद्दल सांगायचं होतं. चंदानं कोल्हा वर्गात सांगितला तो सप्टेंबरच्या शेवटी, आपणहून.

सहामाहीत तिला निबंधाला दहापैकी चार मिळाले. आत्या पेपर घेऊन आल्या. मी म्हटलं, "ताई, आधी सांगू द्या, लिहून तुम्ही घ्या. ऱ्हस्व-दीर्घाचं नंतर बघू." त्यांना ते पूर्ण पटलं असं वाटलं नाही. तरी शिकवणी लावली नाही.

दिवाळीच्या सुट्टीआधी चंदा एकटीच खोलीत आली. टोळी निघायची होती आणि या वेळी धाकटा तिच्याशिवाय जाणार होता. तिला मंगोलियाचं पुस्तक हवं होतं. "त्याला वाचता येत न्हाई, पण आई चित्रं दाखवंल. कोल्ह्याचं मी त्याला फोनवर सांगीन."

पुस्तक अजून परत आलेलं नाही. नोंदवहीत ते तिच्याच नावावर आहे.