बाईकवरून लडाख, पण घरी कसं सांगू?

प्रश्न : वय ४३, बँकेत नोकरी. आयुष्य ऑफिस ते घर एवढंच झालंय. पुण्याहून स्वतःच्या बाईकवर लेहला जायचंय, जमलं तर नोकरीच सोडून पुढेही फिरत राहायचं. बायको म्हणते वेड लागलंय. काय करू?
– एक वाचक, पुणे

उत्तर : अहो दादा, नोकरी लगेच सोडू नका, आधी रजा टाका. आणि वहिनींची भीती काही उगाच नाहीये, तिकडे गाडीपेक्षा उंचीचाच त्रास जास्त होतो. मनालीवरून गेलात की अटल टनेल ओलांडून एक-दोन दिवसांत सरचूला ४२०० मीटरच्या वर मुक्काम पडतो आणि मग डोकं फुटायला लागतं, उलट्या होतात, त्यापेक्षा श्रीनगर, कारगिल करत जा म्हणजे शरीराला हळूहळू सवय होते, मनाली येताना करा. लेहला पोचल्यावर दोन दिवस नुसते पडून राहा, लगेच खारदुंग ला ही उंच खिंड गाठून फोटो टाकायची घाई नको (सगळे तेच करतात!). आपलं इकडचं प्रीपेड सिम तिकडे चालत नाही, पोस्टपेड घ्या, वहिनींना रोज फोन तरी लागेल. क्लच केबल, ट्यूब जवळ ठेवा आणि पंक्चर स्वतः काढायला शिका.

त्याआधी सामान लादून वहिनींना मागे बसवून कोकणात सागरी रस्त्याने दिघी, गुहागर, जयगड असं चार दिवस फिरून या, बाईक जेट्टीवरून बोटीत चढते, मजा येते. कंबर टिकली आणि वहिनी हसल्या तर जूनची रजा मागून ठेवा.