पार्श्वभूमी ‘वाढते’ कशी?

सोलापूरच्या एका वाचकाने विचारलं आहे: ‘भूचुंबकीय वादळामुळे क्ष-किरण दुर्बिणीची पार्श्वभूमी वाढली’ असं वाक्य वाचलं. पार्श्वभूमी वाढते कशी?

शंका रास्त आहे. भूचुंबकीय वादळ म्हणजे सूर्याकडून आलेल्या भारित कणांनी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात उडवलेली खळबळ. पार्श्वभूमी म्हणजे मागचा पडदा, तो वाढत नाही. इथे अभिप्रेत आहेत त्या, दुर्बीण ज्या ताऱ्याकडे रोखली त्याच्याकडून न आलेल्या, तरी शोधकात (क्ष-किरण टिपणाऱ्या भागात) मोजल्या गेलेल्या नोंदी. त्यांना आपला ‘धडा’ हा शब्द जवळचा. घाण्यावर करडईचं तेल आणायला डबा नेला, की तेलवाला आधी रिकाम्या डब्याचा धडा करतो, म्हणजे त्याचं वजन वेगळं काढतो, मग तेल ओततो.

इथे डबा वेगळा तोलता येत नाही, ही अडचण. ताऱ्याभोवती वर्तुळ आखून नोंदी मोजायच्या आणि तेवढ्याच रिकाम्या आकाशातल्या वजा करायच्या. समजा ५०० आणि १२०. उरले ३८०, कमीजास्त २५. पण १२० हा आकडा जुन्या शांत दिवसाचा असेल आणि वादळात तो खरा २०० असेल, तर तारा ८० नोंदींनी फुकट तेजस्वी ठरला!

वादळ क्ष-किरणांना वळवत नाही, त्यांना विद्युतभारच नसतो. बिघडतो तो धडा. पृथ्वीचं चुंबकीय कवच ढिलं पडतं, एरवी अडणारे भारित कण आत शिरतात. युरोपच्या एक्सएमएम-न्यूटनसारख्या लांबट कक्षेतल्या क्ष-किरण दुर्बिणीत तर कमी ऊर्जेचे प्रोटॉन आरशांवरून घसरत थेट शोधकावर येतात. भारताची अवकाश दुर्बीण ॲस्ट्रोसॅट विषुववृत्ताशी ६ अंशांच्या कक्षेत, ६५० किमीवर असल्याने तिला हा जाच कमी.

एक्सएमएम-न्यूटनवरच्या ‘पीएन’ नावाच्या कॅमेऱ्यासाठी रूढ चाळण अशी: १० ते १२ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट (हे क्ष-किरणांच्या ऊर्जेचं एकक) यांमधल्या नोंदींचा १०० सेकंदांच्या टप्प्यांनी आलेख काढा, सेकंदाला ०.४ नोंदींच्या वर गेलेला वेळ टाकून द्या. इतक्या ऊर्जेला आरसे जवळपास निकामी असतात, म्हणजे तिथे जे दिसतं ते बहुतेक धड्याचंच.

चाळूनही उरतो तो ऑक्सिजन. सौरवाऱ्यातले (सूर्याकडून वाहणाऱ्या कणांच्या झोतातले) त्याचे आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेले अणू, पृथ्वीभोवतीच्या हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन पळवतात आणि ०.५७ व ०.६५ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टला चमकतात. हे क्ष-किरण अस्सल, फक्त आपल्या अंगणातले. दूरचा विरळ तप्त वायू मोजणारा इथे हमखास फसतो.

तेव्हा लिहिताना ‘पार्श्वभूमीच्या नोंदी वाढल्या’ म्हणा. ‘धडा’ समजावून सांगण्यापुरता ठेवा. मथळ्यात ‘दुर्बिणीचा धडा बदलला’ छापलं, तर लोक पाठ्यपुस्तक उघडतील.