जुनी बॉडी भंगारात देण्याची घाई करू नका

आपला प्रश्न दोनदा वाचला. आजोबांची १९७४ सालची महिंद्रा सीजे ३बी जीप, तळाचा पत्रा कुजलेला, फायबरची बॉडी मागवून झालेली, आणि वाहतुकीचा खर्च निघावा म्हणून जुनी बॉडी याच आठवड्यात भंगारवाल्याला देण्याचा आपला विचार आहे. फायबरच्या दुरुस्तीसाठी रेझिन (कालवल्यावर घट्ट होणारा चिकट द्रव) कोणते चांगले, हे आपण विचारले आहे. परंतु मला त्याआधी भंगाराविषयी बोलायचे आहे, कारण काही वर्षांपूर्वी मी नेमके हेच केले आणि त्यापायी माझी जीप चौदा महिने उभी राहिली.

माझी गाडी गोदाकाठच्या शेतावर वापरलेली होती. आपल्याकडची काळी माती तळाच्या कोपऱ्यांत जाऊन बसते, ओल धरून ठेवते आणि पत्रा आतून खाते, हे मराठवाड्यात जुनी जीप ठेवणाऱ्या कोणालाही सांगायला नको. बॉडी उतरवल्यावर अंगणातली जागा मोकळी व्हावी म्हणून मी ती किलोच्या भावाने देऊन टाकली. फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि बसण्याची जागा यांमधल्या पत्र्यावर, रिव्हेटने बसवलेली कंपनीची लहानशी प्लेट तिच्यासोबतच गेली. त्यानंतर मी चेसिस, म्हणजे खालची लोखंडी चौकट, सँडब्लास्टिंगला (वाळूच्या माऱ्याने गंज काढायला) दिली आणि तिच्यावर काळ्या रंगाचे दोन जाड हात मारून घेतले. नोंदणीच्या नूतनीकरणाची मुदत जवळ आली, तेव्हा आरटीओ कार्यालयातल्या तपासणीच्या वेळी चेसिस नंबरची पेन्सिल छाप घ्यायला कागद लावला. सुरुवातीचे आकडे स्पष्ट उमटले आणि शेवटच्या तीन आकड्यांच्या जागी नुसता करडा डाग आला. रंग खरवडून पाहिला, तरी खालच्या खुणा ब्लास्टिंगने इतक्या पुसट झाल्या होत्या की त्या बोटाला लागत होत्या, पण डोळ्यांना वाचता येत नव्हत्या. प्लेट हाताशी असती तर किमान दुसरा पुरावा दाखवता आला असता.

त्या कार्यालयाचे नाव मी लिहिणार नाही. नंबर नीट वाचता येत नसताना गाडी पास न करणे हे त्यांचे कर्तव्यच होते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती याची, की पुढे काय करायचे हे कोणीही लेखी दिले नाही. एका खिडकीवर पोलिसांचा दाखला आणायला सांगत, दुसऱ्या खिडकीवर आधी गाडी हजर करा म्हणत, आणि नोंदणीची मुदत संपलेली असल्यामुळे ती चालवत नेता येत नव्हती, म्हणून प्रत्येक वेळी टेम्पोवर चढवून न्यावी लागे. माझ्या अकरा फेऱ्या झाल्या. शेवटी मी माहितीच्या अधिकारात अर्ज केला, तेव्हा माझ्या प्रकरणावर कोणता शेरा आहे ते तिसाव्या दिवशी प्रथम कागदावर कळले. त्यानंतर बदलून आलेल्या एका अधिकाऱ्यांनी पूर्ण फाईल वाचली, पोलीस पडताळणी करून घेतली आणि नंबर पुन्हा कोरण्याची रीतसर परवानगी दिली. जे काम पहिल्याच महिन्यात मार्गी लागू शकले असते, ते कोणी स्पष्ट बोलत नसल्यामुळे वर्षभर अडून राहिले, याचा मनस्ताप मला आजही होतो.

मी वकील नाही आणि प्रत्येक कार्यालयाची पद्धत सारखी नसते, त्यामुळे पुढचे केवळ माझे मत समजावे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून वेगळा ठरेल असा बदल मालकाला आपल्या मर्जीने करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. म्हणून बॉडीचा आकार, प्रकार आणि आसनसंख्या मूळचीच ठेवावी, काम सुरू करण्यापूर्वी आपल्या कार्यालयात लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी, आणि विमा कंपनीलाही लेखी कळवावे. आणखी एक गोष्ट आपल्या गाडीच्या बाबतीत फार महत्त्वाची आहे. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या खासगी गाड्यांसाठी २०२१ साली विंटेज नोंदणीचे नियम आले आहेत, परंतु त्यांत गाडी मूळ स्वरूपात असावी आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा अशी अट आहे. आपली गाडी त्या वयाची झालेली आहे. फायबर चढवले की तो मार्ग बहुधा बंद होतो. चांगला डेंटर मिळत असेल आणि फक्त तळ व बाजूचे खालचे पत्रे गेले असतील, तर मी स्वतः आज पत्राच बदलून घेईन.

तरीही फायबरच बसवायचे ठरले, तर जुनी बॉडी मापासाठीही लागते. पेडलचे ब्रॅकेट, स्टिअरिंगची नळी जिथून जाते ते भोक आणि गिअर लिव्हरची जागा ही सर्व मापे नव्या बॉडीवर क्वचितच तंतोतंत जुळतात, आणि समोर जुनी बॉडी असेल तरच ती खात्रीने घेता येतात. इंजिन, गिअरबॉक्स व रेडिएटर जागेवर बसवून, चारही चाके सपाट जमिनीवर टेकवून मगच कच्ची फिटिंग करावी, कारण रिकाम्या चेसिसवर जुळवलेली भोके वजन पडल्यावर सरकतात. भोक पाडताना मास्किंग टेप लावून ड्रिल आधी उलट्या दिशेने फिरवावे, म्हणजे वरचा जेलकोट (फायबरचा गुळगुळीत बाहेरचा थर) उडत नाही. बोल्टखाली रबर आणि रुंद लोखंडी प्लेट घालावी. सीट, सीट बेल्ट आणि रोल बार यांचा भार कोणत्याही परिस्थितीत नुसत्या फायबरवर येऊ देऊ नये. तो लोखंडी आधाराने थेट चेसिसवर उतरला पाहिजे.

वायरिंगमध्ये माझे आठ दिवस गेले. फायबरमधून वीज वाहत नाही, त्यामुळे पत्र्यातून आपोआप मिळणारे अर्थिंग, म्हणजे विजेचा बॅटरीकडे परतण्याचा मार्ग, संपते. माझ्याकडे ब्रेक दाबला की मागचे इंडिकेटर मंद पेटत आणि पेट्रोलचा काटा हलतच नसे. प्रत्येक दिव्याला, हॉर्नला आणि टाकीतले पेट्रोल मोजणाऱ्या फ्लोटला स्वतंत्र काळी वायर चेसिसपर्यंत ओढल्यावरच हे थांबले.

रेझिनबद्दल एवढेच, की दुरुस्तीला साधे पॉलिस्टर पुरते, पण एप्रिल-मे महिन्यात भर दुपारी ते कालवू नये. आपल्याकडच्या उन्हात ते डब्यातच घट्ट होते. काम पहाटे करावे आणि घासताना मास्क लावावा.

आज मात्र फक्त एवढे करावे. भंगारवाल्याला थांबवून फायरवॉलवरील प्लेटचे फोटो काढावेत, चेसिस नंबर ओल्या फडक्याने पुसून त्याची पेन्सिल छाप दोन कागदांवर घ्यावी, आणि चेसिस ब्लास्टिंगला देण्यापूर्वी त्या जागेवर रबराचा जाड तुकडा टेपने घट्ट गुंडाळावा. जुनी बॉडी ताडपत्रीखाली झाकून ठेवावी. नवीन बॉडीसह गाडी पास होऊन कागद हातात येईपर्यंत ती तिथेच राहू द्यावी.